किल्ली कुणाच्या कमरेला?

मैत्रिणींनो, 'स्मार्ट' घराला भुलू नका. 'रिंग'च्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये बायकांच्या न्हाणीघरातली, झोपायच्या खोलीतली हजारो चित्रणं पाहिली, असा आरोप अमेरिकी व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला. 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये बंद पडले, तेव्हा पैसे मोजून घेतलेल्या उपकरणांची ॲपही मुकी झाली. म्हणून मी म्हणते, दरमहा वर्गणी नको, परका सर्व्हर नको. 'होम असिस्टंट' फुकट मिळतं, घरातल्याच छोट्या संगणकावर चालतं. झिगबीचे दिवे त्यावर इंटरनेटविना लागतात. पण पासवर्ड एकट्या नवऱ्याकडे राहिला, तर बाहेरचा पहारेकरी जाऊन घरातला आला, एवढंच! सात-बाऱ्यावर नाव मागितलं, तसं इथेही मागू.