पुढारी म्हणजे कोण?



'पुढारी' म्हटले की पहूरच्या प्राथमिक शाळेतल्या मुलीच्या डोळ्यांपुढे कोण येईल? बहुधा बसस्टँडवरच्या फलकावरचा, हात जोडून उभा असलेला पुरुष. हे चित्र शाळेने शिकवलेले नाही. पण ते पुसण्याचे काम शाळा करू शकते.

थोरांचे धडे पुस्तकात असतात, पण ते सुटे वाचले जातात. धडा संपला, एका वाक्यात उत्तरे लिहिली, पुढचा धडा. दोन धडे शेजारी ठेवून विचार करायला मूल क्वचितच शिकते.

चौथीच्या वर्गापुढे तीन छोटे उतारे ठेवून पाहा. पहिला, १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागलेल्या सावित्रीबाई फुले यांचा. दुसरा, फुल्यांच्याच शाळेत शिकून १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणाऱ्या मुक्ता साळवेचा. तिसरा, आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचा. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून १९८९ मध्ये तिथे सर्व स्त्रियांची ग्रामपंचायत निवडून आली. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतजमिनी बायकांच्या नावावर झाल्या.

आता विचारा : तिन्हींत सारखे काय? वेगळे काय? दुसऱ्याला बोलते कोणी केले? मिळाले ते एकटीला की सगळ्यांना? मग प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात : पुढारी म्हणजे कोण? हे उत्तर कुठल्याही एका उताऱ्यात तयार सापडत नाही. तिन्हींची सांगड घालूनच ते घडवावे लागते. म्हणून बाईंनी किंवा गुरुजींनी ते फळ्यावर लिहून देऊ नये.

हा प्रश्न केवळ भाषेच्या तासाचा नाही. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. तरीही सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे गावोगाव दिसते. निवडणुकीला उभे राहण्याचे वय २१ आहे. म्हणजे आज चौथीत बसलेली मुलगी बारा वर्षांत पात्र होईल. तेव्हा ती खुर्चीत कोणते चित्र घेऊन बसेल?

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तिथे फक्त सहीपुरते जाऊ नका. आठवड्याला असा एक वाचनाचा तास मागा. आणि चौथा उतारा तुम्ही लिहा : आपल्या गावातल्या बायांनी पाण्यासाठी, रेशनसाठी, दारूविरुद्ध काय केले, त्याचा. मुलांना तोही वाचू द्या.