‘मावशी’ म्हणण्यापूर्वी

‘सेवा’ या शब्दाविषयी आमची तक्रार आहे. मराठीचे अध्यापक या नात्याने शब्दांविषयी तक्रार करणे हे आमचे कामच आहे.

27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने अत्याचार केला. 18 मे 2015 रोजी तिचे निधन होईपर्यंत परिचारिकांच्या पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचा गौरव केला आणि आपण गहिवरलो. परंतु त्या अत्याचारानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी कामाच्या परिस्थितीत सुधारणा मागत संप केला होता, हे किती जणांच्या स्मरणात आहे? शुश्रूषेची आख्यायिका झाली, मागणी विस्मरणात गेली. ‘सेवा’ या शब्दाचा हा प्रताप.

आमच्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपली की कामगार सुटतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या उशाशी बसलेल्या ब्युरोच्या बाईची पाळी मात्र बारा तासांची, कुठे चोवीस तासांची. बदली आली नाही तर तिला उंबरा ओलांडता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाचे ओरखडे आणि शिव्या तिने सोसायच्या, नातलगांचा संशयही गिळायचा. रुग्ण दगावला की लगेच दुसरे घर. महिनोन्महिने ज्याला भरवले, त्याच्यासाठी रडायलाही सवड नाही. तिला आपण ‘मावशी’ म्हणतो. मावशी कधी रजा मागते का?

आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या कामाच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. चेहऱ्यावरचे हसूही श्रमच, हा तिचा आशय. मायेवाचून हे काम होत नाही, असा आक्षेप येईल. मान्य. पण म्हणूनच माया हा कामाचा भाग आहे, फुकटची भर नव्हे. आणि झोप न मिळालेल्या हातांत ती टिकत नाही. झळ अखेर रुग्णालाच लागते.

दोष आमचाही आहे. परिचारिकेवरील निबंधात ‘त्यागमूर्ती’ दिसली की आम्ही वर्षानुवर्षे गुण वाढवले. आमच्याच वर्गातल्या मुली शिक्षण अर्धवट सोडून याच कामाला जातात, तेव्हा तो शब्द त्यांच्या उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतील ते रुक्ष शब्द: साप्ताहिक सुट्टी, ठरलेले तास, बदली, तक्रार. यापुढे हे शब्द आलेल्या निबंधाला आम्ही अधिक गुण देऊ.