गुडघाभर पाणी आणि कलम १६३

आज गोळ्या-औषधांचा विषय जरा बाजूला ठेवू. पाऊस सुरू झाला की दवाखान्यात सर्दी-ताप, जुलाब, डेंग्यूची शंका घेऊन पेशंट येतात आणि बोलता बोलता हमखास विचारतात, "डॉक्टर, यंदा भुशी डॅम चालू का बंद?" मग प्रत्येकाचं आपापलं मत असतं. कोणी म्हणतं, सरळ सगळं बंद करून टाका. कोणी म्हणतं, मरायला जातातच कशाला? आणि मक्याची गाडी लावणारा म्हणतो, बंद केलं तर आम्ही चार महिन्यांत कमवायचं काय? माझंही एक मत आहे. पटतंय का बघा.

३० जून २०२४, रविवारची दुपार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला डोंगरातून येणाऱ्या धबधब्यात पुण्याहून आलेलं एक कुटुंब उभं होतं. पाणी अचानक वाढलं. सगळे एकमेकांना घट्ट धरून मधल्या खडकावर उभे राहिले आणि बघता बघता वाहून गेले. काही जण वाचले, पण एक महिला आणि चार मुलं गेली. त्याचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. जेमतेम वर्षभरात, १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. तरीही पुलावर गर्दी होती.

दोन्ही वेळा लोकांचं वाक्य एकच, "एवढं काही होईल असं वाटलंच नव्हतं." हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्या फार ओळखीचं आहे. रक्तदाब १८०/११० असलेला माणूसही तेच म्हणतो, "मला तर काहीच त्रास होत नाही." त्रास होत नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. वाहत्या पाण्याचंही तेच आहे.

थोडा हिशोब समजून घ्या. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो, म्हणजे एक टन. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळे जोराचं पाणी गुडघ्याच्याही खाली असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं. त्यात खाली शेवाळलेला खडक. एकदा पडलात की सगळं अंग प्रवाहात सापडतं आणि मग उठता येत नाही. पट्टीचं पोहणंही तिथे फारसं कामाला येत नाही, कारण डोकं खडकावर आपटतं. एकमेकांचे हात धरले तर एकाचा पाय सुटल्यावर बाकीचेही ओढले जातात.

दुसरी गोष्ट, लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुणे शहरात त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. त्यामुळे शहरातल्या माणसाला आपल्या घाटातल्या पावसाचा अंदाज नसतो. आणि तुम्ही उभे आहात तिथे ऊन असलं, तरी वरच्या डोंगरावर सर कोसळली असेल तर ते पाणी थोड्याच वेळात तुमच्यापर्यंत येतं.

आता कायद्याचं. भुशीच्या घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. आपण वर्षानुवर्षं ज्याला 'कलम १४४' म्हणत आलो, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालं. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

माझ्या मते बंदी म्हणजे पॅरासिटामॉल. ताप चढला की द्यावीच लागते, पण तिने जंतुसंसर्ग बरा होत नाही. अतिवृष्टीच्या दिवशी बंदी हवीच. पण अख्खा मोसम बंदी घातली की लोक पोलिसांची नजर चुकवून आडबाजूच्या, अनोळखी ओढ्यात उतरतात आणि तिथे मदतीला कोणीच नसतं. त्यापेक्षा ठरावीक जागा खुल्या ठेवा. तिथे रेलिंग, दोरखंड आणि शिट्टी हातात असलेले जीवरक्षक ठेवा. वरच्या अंगाला पाणी वाढलं की भोंगा वाजू द्या. जुने पूल फलक लावून सोडून देऊ नका, प्रत्यक्ष अडवा. यात गाडीवाल्याचं पोटही चालेल.

"लोकांचीच चूक" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तंबाखू खाणाऱ्यालाही आम्ही उपचार नाकारत नाही. आपल्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी भर पावसात दरीत उतरतात, तेव्हा खाली अडकलेल्याला चूक कोणाची असं विचारत बसत नाहीत. आणि हो, कोणाचा जीव जातानाचा व्हिडिओ पुढे पाठवू नका. त्या घरातली माणसंही मोबाइल वापरतात.

तुमच्या हातात काय आहे?

पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, की लगेच बाहेर या. "एकच फोटो" म्हणून थांबू नका. दारू पिऊन पाण्यात उतरू नका. लहान मुलांना वाहत्या पाण्यात नेऊच नका.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. दोरी, ओढणी, काठी, रिकामा कॅन, जे मिळेल ते टाका आणि ११२ ला फोन करा.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं यात वेळ घालवू नका. प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. माणूस प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर उताणं झोपवा, हनुवटी उचला, नाक बंद करून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या, मोठ्या माणसाला ५-६ सेंटिमीटर खोल. दर ३० दाबांनंतर २ श्वास, मदत येईपर्यंत. हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून हात बसत नाही. आणि वाचलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी खोकला किंवा धाप असेल तर दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

पाऊस बघायला जरूर या. भजी खा, चिक्की घेऊन जा. पाऊस काठावरूनही तेवढाच छान दिसतो. आणि जेवढे जण आलात, तेवढे सगळे घरी परत जा.