न कळणाऱ्या चित्रपटांची प्रतीक्षा

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात देशातील तरुण चित्रपटरसिकांचा एक वर्ग चांगलाच हिरमुसला होता. ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’ला दहा वर्षे झाल्यामुळे तो अमेरिकेत आयमॅक्सच्या भव्य पडद्यावर पुन्हा दाखविला जात होता. भारतात मात्र त्याच सुमारास ‘पुष्पा २’ झळकला आणि मोजक्या आयमॅक्स पडद्यांवर दुसऱ्या कोणास जागा उरली नाही. अखेर ७ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘इंटरस्टेलर’ आला. पुढच्याच शुक्रवारी ‘छावा’ येणार असल्याने मुदत अल्प होती, आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा प्रकार चमत्कारिकच म्हटला पाहिजे. माल दहा वर्षांचा जुना, बहुतेक गिऱ्हाइकांनी पूर्वी वापरलेला, घरबसल्या मोबाईलवर उपलब्ध असलेला. आणि तरीही लोक चढ्या भावाने तो पुन्हा घेतात! त्यातून पुष्कळांना त्याचा शेवट पहिल्या वेळी नीट उमगलेला नव्हता. उमगला नाही म्हणूनच ते परत आले होते. गादीवर बसलेल्या वडिलांना मुलाचे हे वेड कळत नाही आणि मुलाला ते शब्दांत सांगता येत नाही. निदान या एका चित्रपटाचे वेड तरी समजून घेण्यासारखे आहे.

कथेचा गाभा एका बापाचा आहे. पृथ्वीवरील शेती नष्ट होत चालली आहे, मानवजातीस दुसरे घर शोधायचे आहे, आणि कूपर नावाचा विधुर वैमानिक दहा वर्षांच्या मुलीला ‘मी परत येईन’ असे वचन देऊन अंतराळात निघतो. वाटेत एका प्रचंड कृष्णविवराजवळच्या ग्रहावर त्याला उतरावे लागते. तेथील एक तास म्हणजे पृथ्वीवरील सात वर्षे. तीन तासांहून थोडा अधिक वेळ तेथे जातो आणि यानात परतल्यावर कळते की घरी तेवीस वर्षे लोटली. मग तो तेवीस वर्षांचे साठलेले निरोप एकामागून एक पाहू लागतो. मुलगा शिकला, त्याचे लग्न झाले, त्याला मूल झाले, आजोबा वारले. शेवटी मुलगी पडद्यावर येते, ती आता बापाच्या वयाची झालेली असते. बाप हुंदके देत पाहत राहतो आणि त्याला उत्तर देण्याचीही सोय नाही. ज्यांची मुले शिक्षणासाठी म्हणून परदेशी गेली आणि तेथेच राहिली, त्या घरांतील आईवडिलांस हा प्रसंग समजण्यासाठी भौतिकशास्त्राची गरज पडणार नाही.

भौतिकशास्त्र मात्र त्यात खरे आहे. कृष्णविवराच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणापाशी काळ मंदावतो, हे आइनस्टाइन यांच्या सिद्धान्तातून निघते. चित्रपटाचे शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न यांना एका तासास सात वर्षे हे प्रमाण प्रथम अशक्य वाटले. पुढे गणित मांडल्यावर त्यांना आढळले की कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर ते शक्य आहे. त्यांच्या समीकरणांवरूनच संगणकाने पडद्यावरील कृष्णविवर रेखाटले, आणि त्या कामावर शास्त्रीय नियतकालिकात निबंधही प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी थॉर्न यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जाता जाता आणखी एक गोष्ट, खास आडत व्यापाऱ्यांसाठी: या चित्रपटासाठी नोलन यांनी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात सुमारे पाचशे एकर मका लावला होता. चित्रीकरण झाल्यावर पीक विकले, आणि त्यात नफा झाला.

येथे एका मोहापासून दूर राहणे बरे. असे चित्रपट पाहिले की आपल्यापैकी काही मंडळी लगेच म्हणतात, ‘हे तर आपल्या आगमांत पूर्वीच आहे.’ ते तसे नाही. आगमांत आइनस्टाइनची समीकरणे नाहीत आणि ती तेथे शोधणे हा आगमांचाही सन्मान नव्हे. जे आहे ते निराळे, आणि स्वतःच्या बळावर चकित करणारे आहे. एक योजन लांब, रुंद आणि खोल खड्डा बारीक केसांच्या तुकड्यांनी ठासून भरावा, दर शंभर वर्षांनी एक तुकडा काढावा आणि खड्डा रिकामा होईपर्यंतच्या काळावरून पल्योपमाचे माप घ्यावे. अशा दहा कोटाकोटी पल्योपमांचा एक सागरोपम. आणि उत्सर्पिणी-अवसर्पिणी मिळून वीस कोटाकोटी सागरोपमांचे एक कालचक्र. दुसऱ्या टोकास ‘समय’ हा काळाचा अविभाज्य अंश. पाठशाळेत ही मापे पाठ केलेल्या मुलास पडद्यावरील तेवीस वर्षे फार वाटू नयेत. तरी ती वाटतात, कारण ती एका बापाची असतात.

न कळणाऱ्या चित्रपटांची ही परंपरा जुनी आहे. एप्रिल १९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ अमेरिकेत प्रथम दाखविला गेला, तेव्हा कित्येक निमंत्रित मध्येच उठून गेले. पहिली सुमारे पंचवीस मिनिटे पडद्यावर एकही संवाद नाही, आणि शेवटी तर अर्थाचा धागाच हातून सुटतो. कुब्रिक यांनी तातडीने सुमारे एकोणीस मिनिटांची काटछाट केली. समीक्षक विभागले गेले. तरुण प्रेक्षक मात्र पुनःपुन्हा आले आणि त्यांनीच चित्रपट तारला. त्यातील आरंभीचा प्रसंग जैन प्रेक्षकाने अवश्य पाहावा, अस्वस्थ व्हावे लागले तरी. भुकेला वानरमानव एका हाडाकडे पाहतो आणि त्याला प्रथमच कळते की हे हत्यार आहे. त्याने तो प्राणी मारतो, मांस खातो, आणि पुढे पाणवठ्यासाठी आपल्याच जातीच्या एकाचा जीव घेतो. मग आनंदाने हाड आकाशात भिरकावतो, आणि पुढच्याच क्षणी त्या हाडाच्या जागी अंतराळयान दिसते. हिंसेच्या पहिल्या साधनापासून थेट यानापर्यंत! भगवान ऋषभदेवांनी असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली असे आपली परंपरा सांगते. कुब्रिक यांना त्यांपैकी एकच, पहिले, दिसले असे म्हणावे लागेल. शाईचा आणि नांगराचा त्यांना विसर पडला.

परंतु पेढीवरच्या माणसाने एकच चित्रपट निवडायचा असेल, तर तो २००४ मधील ‘प्रायमर’ हा होय. शेन कॅरुथ या गणित शिकलेल्या तरुणाने तो केवळ सात हजार डॉलरांत केला. त्या वेळच्या हिशेबाने हे सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास होतात. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि मुख्य भूमिका सर्व त्याचेच. त्या वर्षी सनडान्स महोत्सवात त्यास परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्रपट अवघा सत्याहत्तर मिनिटांचा आहे आणि पहिल्या खेपेस त्यातील निम्म्याहून अधिक भाग डोक्यावरून जातो. प्रेक्षकांनी नंतर त्याच्या घटनाक्रमाचे तक्ते काढले, खतावणी लावावी तसे.

कथा भागीदारीची आहे. चार मित्र नोकरी सांभाळून गॅरेजमध्ये विजेची उपकरणे तयार करतात आणि टपालाने विकतात. त्यांपैकी ॲरन आणि एब या दोघांच्या हाती अपघाताने एक यंत्र लागते. सकाळी ते सुरू करावे, दुपारी त्यात शिरावे, तितकेच तास आत बसून काढावेत, की बाहेर पडताना पुन्हा सकाळ असते. पहिला अन्याय येथेच होतो: उरलेल्या दोन भागीदारांना ते काहीच सांगत नाहीत. पुढे दोघे दिवसभर हॉटेलच्या खोलीत जगापासून अलिप्त राहतात, सायंकाळचे शेअरचे भाव पाहतात, यंत्रातून सकाळी परततात आणि नेमका तोच शेअर घेतात. तोटा होणे अशक्यच. ज्या व्यवहारात जोखीम नाही, तो व्यापारच नव्हे, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. त्यांना ते फार उशिरा कळते.

पुढे यंत्र पैशासाठी न राहता घडलेल्या गोष्टी पुसण्यासाठी वापरले जाऊ लागते. एबने सावधगिरी म्हणून एक गुप्त यंत्र आधीच चालू ठेवलेले असते. सगळे बिघडले तर त्यातून अगदी आरंभास जावे, हा हेतू. तो जातो, आणि पाहतो तो ॲरन त्याच्याही आधी तेथे येऊन बसलेला. आपल्या मित्राचे कोणते बोलणे पहिल्यांदाचे आणि कोणते पाठ केलेले, हे मग कोणालाच कळेनासे होते. यंत्र उत्तम चालते, पैसा येतो, परंतु विश्वास संपतो. आणि दोघे विमानतळावर एकमेकांपासून वेगळे होतात. भावाभावांच्या पेढ्या कशा फुटतात हे ज्याने पाहिले आहे, त्यास यातील विज्ञान समजले नाही तरी चित्रपट समजेल. पहिली चोरून ठेवलेली वही, एवढेच त्याचे सूत्र.

काळप्रवासाच्या बहुतेक कथांमागे हीच इच्छा असते: मागे जावे आणि केलेले न केलेले करावे. विशेष हे की, ‘प्रतिक्रमण’ या शब्दाचा अर्थही परत फिरणे असाच आहे. परंतु दिशा निराळी. प्रतिक्रमणात साधक घडलेल्या दिवसाकडे पाहतो, दोष नावानिशी उच्चारतो, आणि जेथून ढळला त्या आपल्या स्वभावाकडे परततो. दिवस पुसला जात नाही. बांधलेले कर्म भोगून अथवा तपाने निर्जरा करूनच सुटते. आरंभास जाऊन ते नोंदीतून खोडण्याची सोय कोणत्याही कालचक्रात नाही. खोडाखोड केलेल्या वहीस किंमत नसते, हे तर प्रत्येक मुनीम जाणतो. संवत्सरीस ज्याच्याशी वैर झाले त्याच्यासमोर उभे राहून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे लागते. ॲरन आणि एब यांना तेवढेच जमले नाही. त्यांनी यंत्रे वाढविली, पण एकमेकांशी एकदाही सरळ बोलले नाहीत.

२०२२ मधील ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ची शिफारस करताना सावधपणे करावी लागते. त्यात मारामारी आहे, काही विनोद ओंगळ आहेत. लहान मुलांसमवेत पाहण्याजोगा तो नाही. पण त्याची नायिका आपल्या वाचकांच्या शेजारची वाटावी अशी आहे. अमेरिकेत धुलाईचे दुकान चालविणारी एव्हलिन ही चिनी बाई, मेजावर पावत्यांचा ढीग, समोर करअधिकारी, घरी वृद्ध वडील, दूर गेलेला नवरा, आणि मनासारखी न निघालेली मुलगी. अशा दिवशी तिला कळते की अगणित विश्वे आहेत आणि प्रत्येकात ती निराळे आयुष्य जगते आहे. एकात तर प्रसिद्ध नटी. मुलीस आपली जोडीदार असलेली मैत्रीण आजोबांना दाखवावयाची असते. आई भाषांतर करताना तिला नुसती ‘चांगली मैत्रीण’ म्हणते. सगळा संहार या एका चुकविलेल्या शब्दातून सुरू होतो. २०२३ मध्ये या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर मिळाले.

त्यातील एका विश्वात जीवसृष्टी उपजलीच नाही. माय-लेकी कड्यावर दोन दगड होऊन बसतात आणि निःशब्दपणे बोलतात. चित्रपटगृहातील प्रेक्षक येथे हसतात. पृथ्वीकायिक जीव मानणाऱ्या घरातील मुलगा मात्र हसता हसता क्षणभर थांबेल. आणि नवरा, वेमंड, ज्याला एव्हलिन दुर्बळ समजत आली, तो सांगतो की गोंधळ वाढेल तेव्हाच सौम्यपणाने वागावे; त्याची लढण्याची रीत तीच आहे. हे वाक्य त्याच्या तोंडी उपदेश वाटत नाही, कारण तोपर्यंत तो करअधिकाऱ्यास घरचे बिस्किट देऊन मुदत वाढवून आणणारा माणूस म्हणून आपल्या ओळखीचा झालेला असतो.

आता पुढील प्रतीक्षा. डेनी व्हिलनव्ह यांनी ‘अरायव्हल’मध्ये परग्रहवासीयांच्या भाषेतून काळाचे कोडे मांडले आणि पुढे ‘ड्यून’ केला. त्यांच्याकडे आर्थर क्लार्क यांच्या ‘राँदेव्हू विथ रामा’ या १९७३ मधील कादंबरीवरील चित्रपट सोपविल्याचे २०२१ च्या अखेरीस जाहीर झाले. सूर्यमालेत पन्नास किलोमीटर लांबीचे एक पोकळ, दंडगोलाकार यान येते. माणसे आत शिरतात, समुद्र पाहतात, नगरे पाहतात. कोणी भेटत नाही. यान आले तसे निघून जाते, माणसांकडे ढुंकूनही न पाहता. ते कोणी पाठविले आणि कशासाठी, हे कादंबरी सांगत नाही. तरुणांना उत्सुकता आहे ती व्हिलनव्ह हे मौन पडद्यावर राखतात की त्यास उत्तर चिकटवतात, याची. कादंबरी फार मोठी नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरातील दोन पिढ्यांनी ती आळीपाळीने वाचून ठेवावी.