व्याधीचा शेष

ऋण, अग्नि आणि व्याधि यांचा शेष ठेवूं नये, असें आपल्याकडील वडील मंडळी सांगत आली. हें सूत्र मनुष्यांपुरतेंच आहे अशी आमची समजूत होती. घरांतील दोन गिनीपिगांनीं ती दूर केली. परंतु त्यासाठीं त्या मुक्या जीवांस फार सोसावें लागलें, म्हणून तो प्रसंग वाचकांपुढें ठेवीत आहों.

नांवांत ‘पिग’ असला तरी हा प्राणी डुक्कर नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतांतील लोकांनीं प्राचीन काळीं माणसाळविलेला, उंदरांच्या वर्गांतील, गवत खाऊन राहणारा हा गरीब जीव आहे. आमच्या पुतण्याच्या हट्टास्तव अशा दोन माद्या घरीं आल्या. एक तांबडी, दुसरी पांढरी.

कांहीं महिन्यांनीं तांबडीच्या पाठीवरील केंस झडूं लागले, कातडीवर खपल्या धरल्या व ती सारखी खाजवूं लागली. आम्हीं प्रथम खोबरेल लावून पाहिलें. मग पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं कातडी किंचित् खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, औषध दिलें आणि १२ दिवसांनीं पुन्हा आणण्यास बजावलें. आठवड्याभरांत खाज कमी झाली. आतां पुन्हा खेप कशाला, असें म्हणून आम्ही गेलों नाहीं. दीड महिन्यानें खाज परत आली. पुन्हा औषध, पुन्हा आराम, आणि पुन्हा आमचा आळस! तिसऱ्या वेळीं मुलानें तिला उचलतांच तिचें अंग ताठ झालें व तिला झटके आले. “काका, तिला एवढें होत होतें, तर आपण औषध मध्येंच कां सोडलें?” असें त्यानें विचारलें. आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

उत्तर पशुवैद्यांनीं दिलें. ‘ट्रिक्सॅकॅरस कॅव्हिई’ नांवाचा, नुसत्या डोळ्यांस न दिसणारा, खरजेच्या जातीचा किडा या प्राण्याच्या कातडींत बिळें करून तेथेंच अंडीं घालतो. खाज इतकी दुःसह होते कीं, केवळ स्पर्शानेंही प्राण्यास झटके येतात. यावर आयव्हरमेक्टिन देतात. तें किड्यास मारतें, अंड्यांस मारीत नाहीं. अंडीं फुटून नवे किडे बाहेर पडले म्हणजे दुसरी मात्रा द्यावयाची असते; म्हणूनच ७ ते १४ दिवसांच्या अंतरानें औषध दोन-तीनदां देतात. आम्ही ज्याला रोगाचें परत येणें म्हणत होतों, तो रोग मुळीं गेलाच नव्हता.

आणखी एक चूक आमच्या मातोश्रींनीं दाखविली. हे प्राणी घरांत नकोत, असें प्रथम त्याच म्हणाल्या होत्या. “अरे, ती पांढरीही खाजवते. रात्रीं मला झोंप नसते, तेव्हां ऐकूं येतें,” असें त्या सहज बोलल्या. पांढरीचे केंस शाबूत होते, म्हणून आम्हीं तिला निरोगी मानलें होतें. वास्तविक एकत्र राहणाऱ्या सर्वच प्राण्यांस औषध द्यावें लागतें. वरून धडधाकट दिसणाराही आपल्या अंगीं किडा बाळगून असूं शकतो. या खेपेस दोघींचे उपचार पुरे केले, प्रत्येक वेळीं अंथरण टाकून दिलें, पिंजरा धुवून उन्हांत वाळविला. तांबडीच्या पाठीवर आतां मऊ केंस आले आहेत.

तथापि प्रत्येक खाज किड्याचीच असते असें समजूं नये. नाकाभोंवतीं वा डोळ्यांभोंवतीं केंस तुटून खवल्यांचे चट्टे दिसल्यास तें बहुधा गजकर्ण होय. तें बुरशीमुळें होतें व मुलांसही लागतें. मुलाच्या हातावर चट्टा उठल्यास एकाच वेळीं मुलास डॉक्टरांकडे व प्राण्यास पशुवैद्यांकडे न्यावें. नाहीं तर एकाचा रोग दुसऱ्यास परत मिळत राहतो. वयस्क मादीच्या दोन्ही कुशींवरील केंस सारखेच विरळ झाले आणि खाज नसली, तर अंडाशयांतील गांठींचा संशय घ्यावा. तेथें बाहेरून लावण्याच्या औषधाचा उपयोग नाहीं.

आहाराचेंही महत्त्व मोठें आहे. मनुष्याप्रमाणेंच गिनीपिगाच्या शरीरांत ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाहीं. १९०७ सालीं होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या संशोधकांनीं त्यांस केवळ धान्यावर ठेविलें, तेव्हां त्यांस स्कर्व्ही झाली. या उणिवेनें केंस राठ होतात, सांधे दुखतात, जखमा भरत नाहींत व दबलेला रोग डोकें वर काढतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागें रोज १० ते ३० मिलिग्रॅम इतकें हें सत्त्व पोटांत जावें. वाळलेल्या गवताबरोबर ढोबळ्या मिरचीची फोड रोज द्यावी. पाण्यांत हें सत्त्व मिसळण्यावर विसंबूं नये. तें तेथें लवकर नष्ट होतें.

घरगुती तेलें व माणसांचीं मलमें लावण्याचा मोह आवरावा. हा प्राणी अंग चाटून स्वच्छ ठेवतो, त्यामुळें लावलेलें सारें पोटांत जातें. विशेषतः पेनिसिलिनच्या वर्गांतील औषध त्यास कधींही तोंडावाटे देऊं नये. त्यानें आंतड्यांतील उपयुक्त जंतु मरून प्राणी दगावूं शकतो.

हल्लीं आमच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत एकादशी-चतुर्थीच्या शेजारीं पुतण्यानें स्वहस्तें औषधाच्या तारखा लिहिल्या होत्या, त्या अजून तशाच आहेत. शेवटच्या तारखेस फुली मारण्याचा मान त्यानें आजीस दिला. मुकें जनावर आपलें दुखणें सांगूं शकत नाहीं, तसेंच ‘आतां पुरतें बरें वाटतें’ असेंही सांगूं शकत नाहीं. तें ठरविण्याची घाई आपण करूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.