पेढे खाल्ले, आता यादी मागा

मी गोरेगावचा. लोकलवालं गोरेगाव नव्हे. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं.

14 मे 2025 ला भूषण गवई सरन्यायाधीश झाले. बालकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित, पहिले बौद्ध. आपल्या पोरांनी पेढे वाटले. वाटावेतच. पण दोस्तहो, त्या खुर्चीचा रस्ता कुठून जातो ते कुणी बघितलं?

1985 ला वकिली सुरू. मुंबईत एका बड्या वकिलाच्या हाताखाली, मग नागपूर खंडपीठ. जानेवारी 2000 ला सरकारी वकील. पुढं चार वर्षांच्या आत, 14 नोव्हेंबर 2003 ला, हायकोर्टाचे न्यायाधीश. 2019 ला सुप्रीम कोर्ट. यात जाहिरात कुठंय? परीक्षा, राखीव जागा? साला काहीच नाही. घटना म्हणते, हायकोर्टात दहा वर्षं वकिली पाहिजे. बाकी सगळं कॉलेजियमच्या नजरेत भरण्यावर.

आता आमचं गोरेगावचं पोरगं धरा. काळा कोट घालून हिंगोलीच्या कोर्टात उभं. बांधाची भांडणं, जामीन, अॅट्रॉसिटी. पक्षकार फी देणार सोयाबीनची पट्टी झाल्यावर, तीही अर्धी. नजरेत भरायचं तर औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं. तिथं खोलीचं भाडं, मेसचे पैसे, अन् सिनियरकडं चार वर्षं फुकट घासायचं. घरून पीठ येतंय तोवर पोरगं टिकतं. मग गुमान परत. सरकारी वकिलांच्या पॅनेलवर नाव लागायला काय लागतं, ते कोर्टाच्या कँटीनमधल्या पोऱ्याला विचारा!

गवई अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात वाढले, नगरपालिकेच्या शाळेत शिकले. खरंय. पण बाप रा. सू. गवई, रिपब्लिकन पुढारी. ज्याच्या बापाचं नाव फक्त मजुरीच्या हजेरीपटावर आहे त्याचं काय?

2024 ला न्यूयॉर्कमध्ये गवई स्वतःच बोलले की दलित प्रतिनिधित्वाचा विचार झाला नसता तर सुप्रीम कोर्टात दोन वर्षं उशिरा पोचलो असतो. मला हे बोलणं आवडलं. लाज कसली त्यात? पण हा विचार कायद्यात लिहिलेला नाही. वरच्यांच्या मनात आला म्हणून झाला. नाही आला तेव्हा 2010 ते 2019, नऊ वर्षं, सुप्रीम कोर्टात अनुसूचित जातीचा एक न्यायाधीश नव्हता. केंद्र सरकारनंच संसदेत आकडे दिलेत. 2018 ते जुलै 2023, हायकोर्टांत नेमलेले न्यायाधीश 604. अनुसूचित जातीचे 18. मेहेरबानीचा हिशेब असाच निघतो.

23 नोव्हेंबर 2025 ला गवई निवृत्त झाले. पॅनेलं आहेत तिथंच आहेत. ती सरकार नेमतं, पैसा आपल्या करातला. तिथं राखीव जागा मागा. ज्युनियर वकिलांना पोटापुरता भत्ता मागा. अन् आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तुमच्या जिल्ह्यात सरकारी वकील किती, त्यात आपले किती. दहा रुपयांचं तिकीट लागतं. हिंगोलीचा अर्ज मी टाकतोय. ठाणे, पुणे, नागपूर तुम्ही बघा.