प्रश्न चिकाटीचा नाही



मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात ‘नवोदितांना चिकाटीच नाही’ हे मागील अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं पटलं नाही. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्याचा कोड २०१२ पासून गेरिट या कोड-तपासणी प्रणालीवर तपासला जातो. गिटहबवर हात बसलेला मुलगा दुरुस्ती सांगितली की सवयीने नवी कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, जोडतो. गेरिटला मात्र तीच कमिट ‘अमेंड’ करून, म्हणजे सुधारून, जुना चेंज-आयडी (बदलाची ओळखखूण) तसाच ठेवून हवी असते. माझ्या एका दुरुस्तीचे असेच तीन वेगळे बदल होऊन बसले होते! तपासणाऱ्याचा ‘अमेंड कर’ एवढाच शेरा आला. ते कसं करायचं, हे एका मित्राने शेजारी बसून दहा मिनिटांत दाखवलं. याला आळस म्हणायचं? जाणत्यांनी नवख्याच्या पहिल्या पॅचला तेवढी दहा मिनिटं द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे